स्फटिकजालकाची कंपने : भारतातील अभ्यासाचा इतिहास

स्फटिकातील अणू आपापल्या समतोल स्थानांभोवती सतत कंप पावत असतात. प्रत्येक अणू शेजारच्या अणूंशी बलांनी बांधलेला असल्यामुळे एका अणूची हालचाल शेजाऱ्यांना जाणवते व ती तरंगरूपाने संपूर्ण स्फटिकात पसरते. अणूंच्या नियमित मांडणीला स्फटिकजालक म्हणतात आणि जालकातील या तरंगांचे गणिती वर्णन करणाऱ्या घन अवस्था भौतिकीच्या शाखेला जालक गतिकी असे नाव आहे. घन पदार्थाची विशिष्ट उष्णता, ऊष्मीय प्रसरण, उष्णतासंवाहकता, धातूंचा विद्युत् रोध व कित्येक पदार्थांची अतिसंवाहकता या गुणधर्मांचा उलगडा या तरंगांवरून होतो.

या शाखेच्या इतिहासात भारताला वेगळे स्थान आहे. स्फटिकाच्या कंप्रतांचा (दर सेकंदास होणाऱ्या कंपनसंख्यांचा) वर्णपट सलग असतो की मोजक्या तुटक कंप्रतांचा बनलेला असतो, या प्रश्नावर १९४० नंतर बंगलोर (आता बंगळूरु) येथील सर चंद्रशेखर वेंकट रामन व एडिंबरो येथील माक्स बोर्न यांच्यात दीर्घकाळ वाद झाला. हा वाद ज्या प्रयोगपद्धतीने निकालात निघाला तिच्या जडणघडणीत व भारतातील प्रसारात मुंबईतील तुर्भे (ट्रॉम्बे) येथील भौतिकीविज्ञांचा प्रत्यक्ष वाटा होता. पुण्यातील संस्थांशी निगडित असलेल्या काही शास्त्रज्ञांचे कार्यही या इतिहासाचा भाग आहे.

जालक तरंगांचे स्वरूप : समान वस्तुमानाचे गोळे समान अंतरावर ठेवून सारख्या स्प्रिंगांनी एका ओळीत जोडले आहेत अशी कल्पना केल्यास जालक तरंगांचे स्वरूप समजण्यास मदत होते. तरंगलांबी गोळ्यांमधील अंतराच्या मानाने फार मोठी असेल, तर शेजारचे गोळे जवळजवळ एकत्रच हलतात, स्प्रिंगा फारशा ताणल्या जात नाहीत व कंप्रता लहान असते. हे तरंग म्हणजे घन पदार्थातील सामान्य ध्वनितरंग होत. तरंगलांबी कमी करीत नेल्यास कंप्रता वाढते. तरंगलांबी अंतराच्या दुप्पट झाली म्हणजे लगतचे दोन गोळे बरोबर विरुद्ध दिशांना हलतात व कंप्रता कमाल होते. याहून आखूड तरंगांनी गोळ्यांच्या हालचालीचा कोणताही नवा प्रकार मिळत नाही. कंप्रता व तरंगलांबी यांतील अशा संबंधाला अपस्करण संबंध म्हणतात. जालक गतिकीतील गणिताचे व मापनाचे मुख्य उद्दिष्ट हा संबंध काढणे हेच असते.

स्फटिकाच्या एकक कोशिकेत (ज्या लहानात लहान घटकाच्या पुनरावृत्तीने स्फटिक बनतो त्यात) एकाहून अधिक अणू असल्यास एकाच तरंगलांबीला अनेक कंप्रता मिळतात व अपस्करण संबंधाच्या अनेक शाखा पडतात. कोशिकेत प अणू असल्यास शाखांची संख्या ३ प असते. त्यांपैकी तीन ध्वनिकीय शाखा असतात. उरलेल्या ३ प − ३ शाखांत कोशिकेतील अणू एकमेकांविरुद्ध हलतात व त्यांना प्रकाशीय शाखा म्हणतात. हिऱ्याच्या कोशिकेत दोन अणू असल्यामुळे त्याला तीन ध्वनिकीय व तीन प्रकाशीय शाखा आहेत. स्फटिकातील सर्व अणू एकाच कंप्रतेने व निश्चित कलासंबंध राखून कंप पावतात अशा प्रत्येक कंपन प्रकाराला प्रसामान्य प्रकार म्हणतात. अशा प्रकारांची एकूण संख्या अणूंच्या संख्येच्या तिप्पट असते. एक घन सेंमी. हिऱ्यात सु. १७६ कोटी कोटी कोटी अणू असतात. त्यामुळे त्याच्या प्रसामान्य प्रकारांची संख्या सु. ५२८ कोटी कोटी कोटी भरते आणि त्यांच्या कंप्रता एकमेकींच्या इतक्या निकट येतात की वर्णपट व्यवहारतः सलग होतो. रामन यांचा आक्षेप नेमका या निष्कर्षावर होता.

पुंज सिद्धांतानुसार प्रत्येक जालक तरंगाची ऊर्जा ठराविक पुंजांच्या स्वरूपातच कमी किंवा अधिक होते. या ऊर्जापुंजाला फोनॉन म्हणतात. ही कल्पना सोव्हिएट भौतिकीविज्ञ ईगॉर टाम यांची असून फोनॉन हे नाव याकोव्ह फ्रेंकेल यांनी १९३२ मध्ये वापरात आणले.

प्रारंभीचा इतिहास : प्येअर द्यूलाँ व अलेक्सी पेटिट यांनी १८१९ मध्ये असे दाखविले की, बहुतेक घन मूलद्रव्यांची अणुभारांकाइतक्या ग्रॅमची उष्णता धारकता जवळजवळ सारखी म्हणजे दर अंश तापमानवाढीस सु. ६ कॅलरी असते. हिरा या नियमात बसत नव्हता. सामान्य तापमानास त्याची उष्णता धारकता अपेक्षेच्या सु. एक चतुर्थांशच भरते, ती तापमानाबरोबर वाढत जाते व बऱ्याच उच्च तापमानास नियमाजवळ पोहोचते, असे हाइन्रिख वेबर यांच्या १८७० नंतरच्या मापनांवरून दिसून आले. या कोड्याचे पहिले समाधानकारक उत्तर आल्बर्ट आइन्स्टाइन यांनी १९०७ मध्ये दिले. प्रत्येक अणू एकाच ठराविक कंप्रतेने कंप पावतो आणि त्याची ऊर्जा पुंजरूपानेच बदलते, असे त्यांनी गृहीत धरले. हिऱ्यातील अणू हलके व त्यांच्यातील बंध अतिशय ताठ असल्यामुळे त्याची कंप्रता मोठी असते, ऊर्जापुंजही मोठे असतात व सामान्य तापमानास ते पुरेशा प्रमाणात उद्दीपित होत नाहीत.

अतिनीच तापमानास मात्र आइन्स्टाइन यांच्या सूत्रानुसार येणारी उष्णता धारकता प्रत्यक्षाहून फार लवकर शून्याकडे जाते. पीटर डेबाय यांनी १९१२ मध्ये घन पदार्थ हे सलग स्थितिस्थापक माध्यम मानून त्यातील सर्व ध्वनितरंग हिशेबात घेतले. त्यावरून अतिनीच तापमानास उष्णता धारकता निरपेक्ष तापमानाच्या घनाच्या प्रमाणात बदलते हा नियम मिळाला व तो प्रयोगांशी जुळला. त्याच वर्षी गटिंगेन येथे माक्स बोर्न व टेओडोर फोन कार्मान यांनी अणूंचे प्रत्यक्ष जालक घेऊन त्याचे प्रसामान्य प्रकार काढण्याची रीत मांडली. स्फटिकाच्या पृष्ठभागामुळे येणारी गणिती अडचण टाळण्यासाठी त्यांनी चक्रीय सीमाअट घातली. स्फटिकाचे एक टोक जणू दुसऱ्या टोकाला जोडलेले आहे, असे या अटीत मानले जाते. माक्स फोन लौए व त्यांच्या सहकाऱ्यांनी क्ष-किरण विवर्तनाने जालकाचे अस्तित्व सिद्ध केले तेही १९१२ मध्येच.

भारतातील प्रारंभ : रामन यांनी कलकत्ता (आता कोलकाता) येथे २८ फेब्रुवारी १९२८ रोजी शोधून काढलेल्या रामन परिणामामुळे स्फटिकांची कंपने प्रकाशाच्या साहाय्याने मोजण्याचा मार्ग खुला झाला. एकवर्णी प्रकाशाचे पदार्थाकडून प्रकीर्णन (विखुरणे) होताना त्याच्या कंप्रतेत पदार्थातील कंपनाच्या कंप्रतेएवढा फरक पडतो. सी. रामस्वामी यांना १९३० मध्ये हिऱ्याच्या रामन वर्णपटात सेंमी.ला १,३३२ तरंगसंख्येची एक तीव्र व अरुंद रेषा आढळली. हिऱ्याचे जालक एकमेकांत गुंतलेल्या दोन उपजालकांचे बनलेले आहे आणि ती उपजालके परस्परांविरुद्ध हलली म्हणजे सेकंदाला सु. ४० लक्ष कोटी कंपने होतात. ही रेषा त्या कंपनाची आहे. एन्. एस्. नागेंद्र नाथ यांनी १९३४ मध्ये हिऱ्याच्या जालकाचा गतिकीय सिद्धांत मांडला.

रामन १९३३ मध्ये बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेचे संचालक झाले. नाझी राजवटीमुळे जर्मनी सोडावे लागलेल्या बोर्न यांना त्यांनी तेथे निमंत्रित केले. बोर्न १९३५–३६ मध्ये सु. सहा महिने बंगलोरला होते. त्यांना कायमचे प्राध्यापकपद देण्याची रामन यांची इच्छा फलद्रूप झाली नाही आणि १९३६ मध्ये बोर्न एडिंबरो येथे गेले. पुढील वादाकडे पाहताना, दोघांचे संबंध आरंभी स्नेहाचे होते, ही गोष्ट ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

रामन–बोर्न वाद : हिऱ्यावर क्ष-किरण टाकले असता नेहमीच्या विवर्तन बिंदूंखेरीज काही जादा ठिपके दिसतात. रामन व पी. नीलकंठन यांनी १९४० मध्ये त्यांचा अभ्यास करून, क्ष-किरणांमुळे जालकाची प्रकाशीय कंपने उद्दीपित होऊन हे ‘पुंज परावर्तन’ घडते, असे प्रतिपादन केले. या परावर्तनाच्या भूमितीवर रामन यांच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांत पी. आर्. पिशरोटी होते. पुढे हवामानविज्ञानाकडे वळलेले पिशरोटी पुणे येथे १९६२ मध्ये स्थापन झालेल्या उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेचे पहिले संचालक झाले. लंडन येथे कॅथलीन लॉन्सडेल यांना हिऱ्याच्या एका जातीत हे तीक्ष्ण ठिपके मिळाले, तर दुसऱ्या जातीत मिळाले नाहीत. हे ठिपके पहिल्या जातीच्या हिऱ्यांतील पातळ पत्र्यांसारख्या संरचनादोषांमुळे उद्भवतात, असे पुढे निष्पन्न झाले. जालक तरंगांमुळे होणारे क्ष-किरणांचे विसरित प्रकीर्णन ही त्याहून निराळी घटना आहे.

या काळात रामन यांनी स्फटिकांच्या कंपनांचा एक स्वतंत्र सिद्धांत मांडला. प्रसामान्य प्रकारात सर्व अणूंमध्ये निश्चित कलासंबंध असला पाहिजे व तो स्फटिकाच्या नियमित रचनेशी सुसंगत असला पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. यावरून त्यांनी असे अनुमान काढले की, लगतच्या कोशिकांतील समान अणू एक तर एकाच कलेने किंवा बरोबर विरुद्ध कलेने कंप पावतात. तिन्ही दिशांना बाजू दुप्पट केलेली, म्हणजे आठ कोशिकांची एक मोठी कोशिका घेतली की असे सर्व प्रकार तिच्यात सामावतात. तिच्यात ८ प अणू व म्हणून २४ प मुक्तिमात्रा असतात. त्यांतून मोठ्या कोशिकेच्या एकत्रित स्थानांतराच्या तीन वजा केल्यावर २४ प − ३ कंपन प्रकार उरतात. हिऱ्याच्या बाबतीत ही संख्या ४५ होते व सममितीमुळे अनेक प्रकारांच्या कंप्रता सारख्याच येत असल्याने भिन्न कंप्रता केवळ आठ राहतात. वगळलेल्या तीन मुक्तिमात्रांशी संबंधित असलेला नीच कंप्रतांचा भाग मात्र रामन सलग मानीत. चक्रीय सीमाअट ही वास्तवाला सोडून असलेली कल्पना आहे आणि बोर्न व डेबाय यांनी आइन्स्टाइन यांचा मूळचा योग्य मार्ग सोडला, असे त्यांचे मत होते.

बोर्न यांचे उत्तर असे होते की, प्रसामान्य प्रकारांची संख्या अणूंच्या संख्येच्या तिप्पट असणे ही यामिकीची मूलभूत आवश्यकता आहे. ४५ प्रकार हे त्यांतील काही विशेष प्रकार होत, सर्व नव्हेत. सीमाअट ही गणिती सोय असून स्फटिक पुरेसा मोठा असल्यास तिच्या निवडीचा कंप्रतांच्या वाटणीवर परिणाम होत नाही. हा मुद्दा एडिंबरो येथील वॉल्टर लेडरमान यांनी १९४४ मध्ये गणिताने सिद्ध केला.

वादाला धार आली ती बंगलोरमधील प्रयोगांमुळे. आर्. एस्. कृष्णन यांनी पाऱ्याच्या २,५३७ अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे सेंमी.चा दहा कोटीवा भाग) तरंगलांबीच्या जंबुपार किरणांचा वापर करून हिऱ्याचा द्वितीय कोटीचा रामन वर्णपट मिळविला. यात एकाच वेळी दोन फोनॉनांची देवघेव होत असल्यामुळे वर्णपट अत्यंत क्षीण असतो व तो नोंदण्यास मोठे कौशल्य लागते. बोर्न यांच्या सिद्धांताप्रमाणे तेथे रुंद व सलग पट्टा अपेक्षित होता. प्रत्यक्षात मात्र त्यात अनेक तीक्ष्ण रेषांसारखे भाग दिसले. रामन यांच्या दृष्टीने तुटक कंप्रतांचा हा डोळ्यांना दिसणारा पुरावा होता. एडिंबरो येथील हेलन स्मिथ यांनी १९४८ मध्ये हिऱ्याच्या जालकाचे सविस्तर गणित करून वर्णपटाचा स्थूल आकार बोर्न यांच्या सिद्धांतावरून मिळतो हे दाखविले, तथापि सर्व तीक्ष्ण भागांचे स्पष्टीकरण त्यातून मिळाले नाही. एका बाजूला तर्कदृष्ट्या भक्कम सिद्धांत व दुसऱ्या बाजूला त्याला न जुमानणाऱ्या, काळजीपूर्वक घेतलेल्या नोंदी, अशी ही स्थिती होती. त्यामुळे हा वाद केवळ दोन व्यक्तींचा मतभेद म्हणून बाजूला सारता येण्यासारखा नव्हता.

यातून मार्ग काढणारी सैद्धांतिक कल्पना १९५३ मध्ये लेऑन व्हान होव्ह यांनी मांडली. अपस्करण संबंधाचा आलेख ज्या ठिकाणी सपाट होतो त्या ठिकाणी तरंगलांबी बरीच बदलली, तरी कंप्रता जवळजवळ तीच राहते. परिणामी त्या कंप्रतेपाशी असंख्य प्रकारांची दाटी होते. वर्णपट सलग असूनही अशा ठिकाणी त्यात टोकदार बदल अपरिहार्यपणे येतात व ते टाळणे जालकाच्या आवर्ती रचनेमुळेच अशक्य असते. आलेख सपाट होण्याची स्थाने बहुधा कोशिका एकाच कलेने किंवा विरुद्ध कलेने हलतात तीच असतात. म्हणजे रामन यांनी निवडलेले प्रकार खरोखरच महत्त्वाचे होते. ते वर्णपटातील ठळक खुणांपाशी येतात, मात्र त्यांच्या दरम्यानचे असंख्य प्रकारही तितकेच खरे असतात.

न्यूट्रॉन प्रकीर्णन पद्धती : दरम्यानचे हे प्रकार खरोखर आहेत का, याचा निर्णय प्रत्यक्ष मापनानेच होऊ शकत होता. दृश्य व जंबुपार प्रकाशाची तरंगलांबी अणूंमधील अंतराच्या शेकडो किंवा हजारो पट असल्यामुळे प्रथम कोटीच्या रामन परिणामात केवळ अतिदीर्घ तरंगच सापडतात. क्ष-किरणांची तरंगलांबी योग्य असते. परंतु १ अँगस्ट्रॉम तरंगलांबीच्या क्ष-किरण पुंजाची ऊर्जा सु. १२,४०० इलेक्ट्रॉन व्होल्ट असते व फोनॉनाची ऊर्जा त्याच्या काही लक्षांशच भरते. त्यामुळे एवढा सूक्ष्म ऊर्जाबदल त्या काळच्या साधनांनी मोजता येत नसे. अणुकेंद्रीय विक्रियकातून (अणुभट्टीतून) बाहेर पडणाऱ्या मंद न्यूट्रॉनांची तरंगलांबी सु. १·८ अँगस्ट्रॉम व ऊर्जा सु. ०·०२५ इलेक्ट्रॉन व्होल्ट असते. या दोन्ही राशी जालक तरंगांशी तुल्य आहेत. असा न्यूट्रॉन स्फटिकात एक फोनॉन निर्माण करतो किंवा शोषून घेतो, तेव्हा त्याची ऊर्जा व दिशा या दोहोंत सहज मोजता येईल एवढा बदल होतो. त्यांवरून त्या फोनॉनाची कंप्रता व तरंगलांबी एकाच वेळी कळतात.

कॅनडातील चॉक रिव्हर येथे बर्ट्रम ब्रॉकहाउस यांनी या कामासाठी त्रि-अक्षीय वर्णपटमापक विकसित केला. त्यातील पहिला स्फटिक ठराविक ऊर्जेचे न्यूट्रॉन निवडतो, दुसरा हा अभ्यासाचा नमुना असतो व तिसरा प्रकीर्णित न्यूट्रॉनांची ऊर्जा मोजतो. ब्रॉकहाउस व ए. टी. स्ट्यूअर्ट यांनी १९५५ मध्ये ॲल्युमिनियमाचे जालक तरंग या पद्धतीने मोजले. त्यानंतर ब्रॉकहाउस यांच्यासमवेत जर्मेनियमाच्या प्रसामान्य प्रकारांचे मापन ज्यांनी केले ते भारतातून तेथे गेलेले तरुण भौतिकीविज्ञ पद्मनाभ कृष्णगोपाल अय्यंगार होत. हे संशोधन १९५८ मध्ये प्रसिद्ध झाले.

जर्मेनियमाचे जालक हिऱ्याच्याच प्रकारचे असल्यामुळे या मापनाला विशेष महत्त्व होते. स्फटिकाच्या प्रमुख दिशांना तरंगलांबी टप्प्याटप्प्याने बदलत नेली असता प्रत्येक टप्प्यावर कंप्रता मिळाली व त्या सर्व बिंदूंतून अखंड वक्र काढता आले. बोर्न यांच्या सिद्धांताने सांगितलेल्या शाखा अशा रीतीने प्रत्यक्ष रेखाटल्या गेल्या. एका आडव्या ध्वनिकीय शाखेचा बराच मोठा भाग जवळजवळ सपाट असल्याचेही आढळले व व्हान होव्ह यांच्या विवेचनाला आधार मिळाला. खुद्द हिऱ्याच्या शाखांचे न्यूट्रॉन मापन जे. एल्. वॉरन व सहकाऱ्यांनी केले व ते १९६७ मध्ये प्रसिद्ध झाले. ब्रॉकहाउस यांना क्लिफर्ड शल यांच्यासमवेत १९९४ चे भौतिकीचे नोबेल पारितोषिक मिळाले.

तुर्भे येथील कार्य : तुर्भे येथे ४ ऑगस्ट १९५६ रोजी अप्सरा हा आशियातील पहिला संशोधन विक्रियक कार्यान्वित झाला. कॅनडाच्या सहकार्याने उभारलेला ४० मेगॅवॉट क्षमतेचा सायरस विक्रियक १९६० मध्ये सुरू झाला व त्यामुळे पुरेसे तीव्र न्यूट्रॉन झोत उपलब्ध झाले. चॉक रिव्हरहून परतलेल्या अय्यंगार यांनी येथे न्यूट्रॉन प्रकीर्णनाचा गट उभारला. वर्णपटमापक परदेशातून विकत न घेता ते तुर्भे येथेच अभिकल्पित करून बनविण्यात आले. यामुळे उपकरणाचा प्रत्येक भाग जाणणारी संशोधकांची एक पिढी तयार झाली. तेथील उपकरण व अनुभव यांचा लाभ १९६० च्या दशकात फिलिपीन्समधील अणुसंशोधनालाही देण्यात आला.

प्रयोगांच्या जोडीला सैद्धांतिक कार्यही होत होते. एल्. एस्. कोठारी व के. एस्. सिंगवी यांनी मंद न्यूट्रॉन व घन पदार्थ यांतील परस्परक्रियेचा १९५९ मध्ये घेतलेला विस्तृत आढावा या क्षेत्रात प्रमाणभूत ठरला. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा अभिकरणाने न्यूट्रॉनांच्या अप्रत्यास्थ प्रकीर्णनावरील परिसंवाद डिसेंबर १९६४ मध्ये मुंबई येथे भरविला. त्यात अय्यंगार, जी. वेंकटरामन, पी. आर्. विजयराघवन व ए. पी. रॉय यांनी मॅग्नेशियमाच्या जालक गतिकीवरील आपले मापन सादर केले. मॅग्नेशियमाच्या षट्कोणी कोशिकेत दोन अणू असतात, त्यामुळे धातूमध्येही प्रकाशीय शाखा असतात. त्यांचे मापन करून अणूंमधील बले किती दूरच्या शेजाऱ्यांपर्यंत पोहोचतात हे ठरविता येते. वेंकटरामन, एल्. ए. फेल्डकँप व व्ही. सी. साहनी यांचा परिपूर्ण स्फटिकांच्या गतिकीवरील ग्रंथ १९७५ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाला.

जालकाची कंपने अप्रत्यक्षपणे मोजण्याचे दुसरे साधन म्हणजे मॉसबौअर परिणाम होय. यात अणुकेंद्राने प्रत्याघाताविना गॅमा किरण उत्सर्जित करण्याची संभाव्यता त्या अणूच्या कंपनविस्तारावर अवलंबून असते. व्ही. जी. भिडे व एम्. एस्. मुलतानी यांनी १९६५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात बेरियम टिटॅनेट या लोहविद्युत् स्फटिकाचा या पद्धतीने अभ्यास केला. अशा स्फटिकांत एका प्रकाशीय प्रकाराची कंप्रता संक्रमण तापमानाजवळ घटत जाते व अखेरीस जालक एका बाजूस सरकून नवी संरचना धारण करते, ही मृदू प्रकाराची कल्पना त्या सुमारास पुढे आलेली होती. भिडे १९८० नंतरच्या दशकात पुणे विद्यापीठाचे कुलगुरू होते.

वादाचे मूल्यमापन : न्यूट्रॉन मापनांनंतर मूळ प्रश्नाचा निकाल बोर्न यांच्या बाजूने लागला. रामन यांनी मात्र २१ नोव्हेंबर १९७० रोजी निधन होईपर्यंत आपले मत सोडले नाही. त्यांच्या भूमिकेमुळे बंगलोरमधील उत्कृष्ट निरीक्षणे व त्यांचा सर्वमान्य अर्थ यांत दुरावा राहिला. मात्र ही निरीक्षणे अचूक होती. हिऱ्याच्या द्वितीय कोटीच्या वर्णपटात, १,३३२ च्या दुपटीहून किंचित अधिक तरंगसंख्येपाशी कृष्णन यांच्या काळापासून ज्ञात असलेली एक तीक्ष्ण रेषा प्रचलित सिद्धांतालाही बराच काळ उलगडली नव्हती. प्रकाशीय शाखेचा माथा अतिदीर्घ तरंगांपाशी नसून थोडा बाजूस आहे व तेथे प्रकारांची दाटी होते, हे १९९३ मध्ये मूलभूत समीकरणांवरून केलेल्या गणनेने दाखविले तेव्हा या रेषेचा खुलासा झाला. निरीक्षण बिनचूक असले, तरी त्यावरून काढलेला निष्कर्ष बिनचूक असतोच असे नाही. त्याचप्रमाणे निष्कर्ष चुकला म्हणून निरीक्षण टाकाऊ ठरत नाही, हे या प्रकरणावरून स्पष्ट होते. या वादाचा समतोल वृत्तांत रामन यांच्या १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चरित्रात आला असून त्याचे लेखक वेंकटरामन हे स्वतः तुर्भे येथील न्यूट्रॉन गटात घडलेले होते.

नंतरची वाटचाल व उपयोग : सायरस विक्रियक २०१० च्या अखेरीस बंद करण्यात आला. त्याआधीच, १९८५ मध्ये, तुर्भे येथे १०० मेगॅवॉट क्षमतेचा ध्रुव विक्रियक कार्यान्वित झाला होता व न्यूट्रॉन प्रकीर्णनाचे कार्य त्याच्याकडे गेले. विद्यापीठांतील संशोधकांनाही त्याच्या झोतांचा उपयोग करू देण्यात येतो. संगणकांची क्षमता वाढल्यामुळे कोशिकेत कित्येक अणू असलेल्या गुंतागुंतीच्या स्फटिकांचे अपस्करण संबंध गणनेने काढता येऊ लागले. बहुतेक पदार्थ तापविल्यावर प्रसरण पावतात, परंतु झिर्कोनियम टंग्स्टेट हा पदार्थ अतिनीच तापमानापासून सु. १,०५० के. पर्यंत सर्व दिशांना सारखाच आकुंचन पावतो. भाभा अणुसंशोधन केंद्रातील आर्. मित्तल व एस्. एल्. चपलोत यांनी १९९९ मध्ये जालक गतिकीच्या गणनेने या वर्तनाचे मूळ नीच ऊर्जेच्या फोनॉनांत असल्याचे दाखविले. दाब वाढविला असता या फोनॉनांची कंप्रता नेहमीप्रमाणे न वाढता कमी होते आणि त्यामुळे तापविलेला स्फटिक आक्रसतो.

अशा गणनांना लागणाऱ्या महासंगणकांच्या बाबतीत पुण्याला महत्त्वाचे स्थान आहे. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या प्रगत संगणन विकास केंद्राने पुणे येथे १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक तयार केला. २००६ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेत राष्ट्रीय महासंगणन योजनेखाली परम ब्रह्म हा महासंगणक बसविण्यात आला आहे. पदार्थविज्ञानातील गणना हे अशा यंत्रांच्या वापराचे एक प्रमुख क्षेत्र असते.

जालक तरंगांच्या ज्ञानाचे व्यावहारिक महत्त्वही मोठे आहे. हिऱ्यात मुक्त इलेक्ट्रॉन जवळजवळ नसतानाही तो सामान्य तापमानास तांब्याच्या सु. पाचपट उष्णता वाहून नेतो, कारण ताठ बंधांमुळे त्यातील फोनॉन वेगवान असतात व त्यांचे परस्परांकडून होणारे प्रकीर्णन कमी असते. त्यामुळे इलेक्ट्रॉनीय साधनांतील उष्णता काढून घेण्यासाठी हिऱ्याचे थर वापरतात. याउलट उष्णतेपासून सरळ वीज मिळविणाऱ्या ऊष्माविद्युत् पदार्थांत फोनॉनांचा प्रवास मुद्दाम अडवावा लागतो. यांपैकी कोणत्याही पदार्थाचा विचार करताना त्याचे अपस्करण वक्र प्रथम पाहिले जातात आणि ते वक्र अखंड असतात, हे आता गृहीत धरले जाते. गृहीत धरली जाणारी ही गोष्ट प्रयोगाने प्रस्थापित होण्यास १९१२ पासून जवळजवळ अर्धशतक लागले.